जीपचं पाणी

आमच्या वस्तीवर 1998 साली जीप आली. जुनीच होती, डिझेलवरची, चार सिलिंडरची. त्या साली डाळिंबाचे बरे पैसे झाले होते आणि सांगोल्याच्या रस्त्यानं वडापवाल्यांचा धंदा कसा चाललाय हे रोज बांधावर उभा राहून मी बघत होतो. जीपमध्ये किती माणसं बसवायची ते कागदावर लिहिलेलं असतं. पण कागद डॅशबोर्डच्या खणात असतो आणि माणसं रस्त्याला उभी असतात. आमच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही अर्धा माणूस असायचा. अर्धा आत आणि अर्धा वाऱ्यावर.

ड्रायव्हर म्हणजे माझा भाचा. थोरली बहीण, आमची आक्का, दाजी वारल्यावर नऊ वर्षांच्या पोराला घेऊन माहेरी आली ती आमच्यातच राहिली. पोरगं माझ्या हाताखाली वाढलं. बारावीनंतर शिकण्यात त्याचं मन नव्हतं, जीपमध्ये मात्र होतं. गिऱ्हाईक नसलं की बोनट उघडून आत डोकं घालून बसायचा. मी त्याला म्हणायचो, "आत काय हंडा गावलाय का?" त्यावर तो नुसता हसायचा.

2003 चा उन्हाळा आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. आधीचा पावसाळा कोरडा गेला होता. माणगंगेत वाळूशिवाय काही नव्हतं. जनावरं छावणीला आणि माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून, अशी गत. विहिरीनं तळ दाखवला होता, बोअर तेवढं थोडंथोडं ओकत होतं. पण ते पाणी कसलं? डाळ चुलीवर दोन तास ठेवली तरी शिजायची नाही. साबण लावला की फेस यायच्या ऐवजी अंगावर गुठळ्या व्हायच्या. वाफ्यात पाणी देऊन दोन दिवस झाले की मातीवर पांढरं फूल उमटायचं.

अशा दिवसांत भाचा एकदा मला म्हणाला, "मामा, रेडिएटरला टँकरचं पाणी घालू का? दोन कळशा लागतील. बोअरचं पाणी गाडीला चांगलं न्हाय म्हणत्यात."

मी भडकलोच. "पोरं शाळंतनं येऊन रिकामा माठ हालवून बघत्यात, आन तुझ्या गाडीला टँकरचं पाणी?"

"मग कूलंट आणू?"

"कितीला येतं?"

"दीडशे रुपयं लिटर."

"दुधाला लिटरला दहा रुपयं मिळंनात, आन तुझ्या इंजिनाला दीडशेचं पाणी पाजू?"

तो गप्प बसला. पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं असं मला आजही धड म्हणवत नाही. टँकर दोन दिवसांतून एकदा यायचा आणि बायका कळशीला कळशी लावून भांडायच्या. त्यातलं पाणी गाडीत ओतलेलं वस्तीनं बघितलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

मे महिन्यात गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. आधी दिवसाला तांब्याभर, मग अर्धी कळशी. भाचा सांगायचा, "मामा, पाणी जातंय, पर कुठं जातंय ते कळंना. खाली धुरळ्यावर थेंब न्हाय." आता पाणी जातंय आणि थेंब नाही, हे मला पटेना. माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं. म्हटलं, हे पोरगं पाणी बघतच नसणार. रात्रीच्या चोरून खेपा मारत असणार आणि त्याचे पैसे परस्पर जात असणार. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला हेच वाटत होतं.

एक दिवस भर दुपारी छावणीला भाकरी घेऊन निघालेल्या बायकांनी जीप भरलेली असताना चढाला काटा लाल रेघेवर गेला आणि बोनटमधून वाफ निघाली. भाच्यानं जागेवर गाडी बंद केली. बायका उतरून उन्हात चालत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शिव्या आमच्या दारापर्यंत पोचल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जीपला बांधून आमची जीप तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकनं बोनट उघडलं, रेडिएटरवर नजर टाकली, गाडी चालू करून सायलेन्सरमधून पांढरा धूर निघालेला बघितला आणि हात पुसत निकाल दिला, "हेडचं गॅसकीट गेलंय. पोरानं तापलेली गाडी पळीवलीया."

मला पाहिजे होतं तेच तो बोलला. मी स्टँडवर, चार वडापवाल्यांच्या समोर, भाच्याला नको नको ते बोललो. पैशाचंही बोललो. त्यानं एकदाच तोंड उघडलं, "मामा, मी पळीवली न्हाय. बंद केली." मी ऐकलं नाही.

रात्री त्यानं जीपची किल्ली देवळीत ठेवली आणि पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेला. भोसरीत त्याचा एक दोस्त होता. आक्का मला काही बोलली नाही. त्या दिवसापासून काहीच बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. आमच्या मंडळींनी दोनदा मध्ये पडून बघितलं आणि सोडून दिलं.

गॅरेजवाल्यानं साडेतीन हजार घेऊन नवीन गॅसकीट टाकलं. जीप मीच चालवायला लागलो. रोज सकाळी स्वतः पाणी बघायचो, चढाला दम धरायचो, माणसंही कमी बसवायचो. वीस दिवस झाले आणि पुन्हा पाणी कमी. खाली थेंब नाही. सकाळी गाडी चालू केली की आधी लंगडायची, पांढरा धूर सोडायची, मग दोन-तीन मिनिटांनी ताळ्यावर यायची. आता गाडीवर भाचा नव्हता. मी होतो.

पंढरपूरच्या रस्त्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत, ट्रकची इंजिनं खोलण्यात त्यांचा जन्म गेला, असं एका ट्रकवाल्यानं सांगितलं. तीसेक किलोमीटरचं अंतर. दोन कॅन पाण्याचे बरोबर घेतले आणि चार ठिकाणी थांबत दुपारी पोचलो. मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, "तापलेल्या इंजिनाचं काय कळत न्हाय, पाव्हणं. रातभर थंड होऊ द्या." मी जीपमध्येच झोपलो.

सकाळी ते चहा पिऊन आले. मी घाईनं म्हणालो, "गॅसकीटच गेलंय."

"कुणी सांगितलं?"

"गॅरेजवाल्यानं. धूर बघून."

"धूर बघून?" ते हसले. "पांढरा धूर नोझल खराब असलं तरी येतो. डिझेल न जळता भाईर पडतं, पर त्या धुरानं डोळं झोंबत्यात. पाण्याच्या वाफंनं झोंबत न्हाईत." मग एका मास्तरांच्या मोटारीची गोष्ट सांगितली. थंडीच्या दिवसांत ऑइल भरायच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा थर दिसला म्हणून कुणीतरी त्यांचं हेड उतरवायला घेतलं होतं. मास्तर घर ते शाळा दोन किलोमीटर गाडी चालवायचे, इंजिन कधी नीट तापायचंच नाही. आतल्या हवेचं दव धरायचं आणि ऑइलात फेटलं जायचं, एवढंच. "पंढरपूरला एक चक्कर मारून आणा म्हणलं. लोणी गेलं."

मग त्यांनी बघायला सुरुवात केली. मी शेजारी उभा. ऑइलची पट्टी काढून पुसली, परत घातली, काढली, बोटावर घेऊन चोळली. काळं ऑइल, ताकासारखं काही नाही. म्हणजे पाणी ऑइलात जात नव्हतं. फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबला. पंपाचा दांडा हलवला, त्याच्याखालच्या भोकाला बोट लावलं, कोरडं. रेडिएटरचं टोपण हातात घेऊन रबर बघितलं, स्प्रिंग दाबली. "ह्ये टोपण म्हंजी कुकरची शिट्टी. दाब धरला तर पाणी शंभर डिग्रीच्या वर गेलं तरी उकळत न्हाय. स्प्रिंग मेली की पाणी लवकर उकळून भाईर. कैक गाड्या नुसत्या टोपणानं बऱ्या झाल्यात." आमचं टोपण मात्र ठीक निघालं.

रेडिएटर काठोकाठ भरला, टोपण उघडंच ठेवलं आणि मला म्हणाले, "मारा सेल." गाडी चालू झाली आणि पाण्यावर बुडबुडे आले. मी म्हटलं, "बघा!" तर म्हणाले, "थांबा. आत अडकलेली हवा भाईर पडत आसंल." पाच मिनिटं आम्ही दोघं पाण्याकडं बघत उभे होतो. बुडबुडे काही थांबेनात. त्यांनी ॲक्सिलेटर ओढला की भसकन पाणी काठावरून बाहेर. गाडी बंद केली, जरा वेळ जाऊ दिला, टोपण लावून पुन्हा चालू केली आणि माझा हात धरून वरच्या मोठ्या रबरी पाइपावर ठेवला. पाणी अजून कोमटच होतं आणि पाइप मात्र हवा भरलेल्या ट्यूबसारखा टणक. "पाणी तापलं न्हाय म्हंजी ही वाफ न्हवं. सिलिंडरमधलं कंप्रेशन पाण्यात मारतंय."

डिझेलच्या इंजिनाला पेटवायला प्लग नसतो हे मला त्या दिवशी नीट समजलं. पिस्टन हवेला वीस-बावीस पट दाबतो, त्या दाबानंच हवा इतकी तापते की डिझेल पडलं की पेटतं. एवढा दाब आणि शेजारून वाहणारं पाणी, यांच्या मधोमध ते गॅसकीट. पापडाएवढं जाड. त्यात जरा वाट झाली की गाडी चालू असताना गॅस पाण्यात आणि बंद केल्यावर पाणी सिलिंडरमध्ये. रात्रभर झिरपलेलं पाणी सकाळी वाफ होऊन निघायचं. म्हणून ते लंगडणं, म्हणून तो धूर. आणि म्हणून धुरळ्यावर थेंब नाही. पाणी सायलेन्सरमधून आकाशात जात होतं.

पण कुठल्या सिलिंडरला? त्यासाठी मिस्त्रींनी जे केलं ते मला फार आवडलं. रेडिएटरचं टोपण पुन्हा काढलं, गाडी चालू ठेवून एक नंबरच्या नोझलवर जाणाऱ्या बारीक पाइपाचा नट ढिला केला. डिझेल बाहेर गळायला लागलं, गाडी तीन पायांवर लंगडली, बुडबुडे तसेच. नट आवळला, दोन नंबरचा ढिला केला. तसेच. तीन नंबरचा ढिला केला आणि बुडबुडे एकदम विरळ झाले. आवळला की पुन्हा आले. असं तीनदा करून दाखवलं. "तीन नंबर," असं म्हणून खडूनं हेडवर रेघ ओढली.

"म्हंजी गॅसकीटच की," मी म्हणालो.

"व्हय. पर वीस दिसात नवं गॅसकीट कशानं जाईल? आता खोलू."

हेड उतरायला दुपार झाली. गॅसकीटवर तीन नंबरच्या सिलिंडरपासून पाण्याच्या भोकापर्यंत बोटभर काळी जळकी वाट पडलेली होती. मिस्त्रींनी हेड उलटं करून पुसलं, त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरली आणि फीलर गेजची पानं एकेक करून खाली सरकवायला लागले. 0.15 मिलिमीटरचं पान तीन नंबरजवळ सहज आरपार गेलं. केसाच्या जाडीहून जरा जास्त. हेड वाकलेलं होतं. आधीच्या गॅरेजवाल्यानं पट्टी न धरताच वाकड्या हेडवर नवं गॅसकीट दाबलं होतं. ते टिकणारच नव्हतं.

मग त्यांनी हेडमधल्या पाण्याच्या भोकांत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि तो माझ्या हातात दिला. "खरडा."

मी खरडलं तर आतून पांढऱ्या पपडीचे तुकडे पडायला लागले. चुन्यासारखे, कडक. काही भोकं निम्मी बुजलेली होती.

"कुठलं पाणी घालता?"

"बोअरचं."

"कधीपासनं?"

"घेतल्यापासनं. पाच वर्सं."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "जितं जास्त तापतं तितं ही पपडी आधी धरती. मग लोखंडाची उष्णता पाण्याला पोचत न्हाय. काटा जागेवर दिसतो, पर हेड आतनं तापतच ऱ्हातं. तापून तापून वाकतं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा गाडी तापली तवा कोण चालवत होतं?"

"भाचा."

"त्यानं काय केलं?"

"जागेवर बंद केली."

"हुशार हाय. अजून दोन किलोमीटर रेटली आसती तर हेडला चीर पडली आसती, न्हायतर पिस्टन धरून बसला आसता. मग इंजिनच गेलं आसतं. आता कुठं हाय?"

मी म्हणालो, "पुण्याला." ते पुढं काही बोलले नाहीत, बरं झालं.

हेड लेथवर जाऊन सपाट होऊन आलं. रेडिएटर खोलून त्याच्या नळ्यांतून सळई मारली, ब्लॉकमधली पपडी निघेल तेवढी काढली. हेडचे बोल्ट आवळताना मिस्त्री मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना कडेकडेकडं जात होते, तेही एका दमात नाही, टॉर्क पान्यानं तीन वेळा. सहा हजार रुपये झाले. पपडीचा एक मोठा तुकडा मी वर्तमानपत्रात बांधून घरी आणला. कशाला आणला ते मलाही सांगता आलं नसतं.

आमच्या मंडळींनी तो तुकडा बघितला आणि म्हणाल्या, "आवं, ही तर बंबातली हाय."

खरंच तीच होती. आमच्या तांब्याच्या बंबाच्या मधल्या नळीला, जिथं आतून जाळ आणि बाहेरून पाणी, अशीच पपडी धरायची. त्या चिंच लावून घासायच्या आणि तरी पुरती निघायची नाही. "कवाधरनं म्हणती, बंबाला सरपान लई लागतंय. पैल्यासारखं पानी तापंना." सिलिंडर म्हणजे तरी काय, आत जाळ आणि भोवती पाणी. बंबच तो. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात मी सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो. कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार, उकळल्यावर तळाला बसणारा थर, साबणाला न येणारा फेस, सगळं पाठ होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. त्यानंतर जन्मभर त्याच पाण्यानं अंघोळ केली, तेच पाणी गाडीत ओतलं, आणि पुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच, असं एकदाही डोक्यात आलं नाही.

आक्का चुलीपाशी बसली होती. मिस्त्री काय म्हणाले ते मी मंडळींना सांगत होतो, जरा मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं. भाच्यानं गाडी थांबवली म्हणून इंजिन वाचलं हेही सांगितलं. तिनं जाळ पुढं सारला. बोलली नाही.

मी भाच्याला अंतर्देशीय पत्र लिहिलं. तीन नंबरला गॅसकीट गेलं होतं, पाण्याच्या वाटा क्षारानं बुजल्या होत्या, हेड वाकलं होतं, तू गाडी थांबवलीस म्हणून इंजिन वाचलं असं मिस्त्री म्हणाले. एवढंच लिहिलं. पैशाविषयी स्टँडवर जे बोललो त्याच्यावर लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. मग पत्रावर खोडाखोड फार दिसायला लागली म्हणून तसंच चिकटवलं. उत्तर आलं नाही.

त्या साली पावसानं पुन्हा दगा दिला. टँकर चालूच राहिले. जीपला मी कूलंट आणलं आणि बॅटरीचं पाणी विकत आणून त्यात घातलं. खिसा दुखला, पण सहा हजारांच्या मानानं काहीच नाही.

दिवाळीला भाचा आला. आईसाठी लुगडं, मामीसाठी डबा असं काय काय घेऊन. मला नमस्कार केला, मीही "बरा हायेस का?" म्हणालो आणि दोघंही तिथंच अडकलो. भाऊबीजेला आक्कानं मला ओवाळलं. ताटात पैसे टाकताना मी तिच्याकडं बघितलं, ती निरांजनाकडं बघत होती. "आरं, कुकू पुसू नगंस," एवढं म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढून येतोय तर जीपचं बोनट वर. भाचा आत वाकलेला. गाडी रात्रभर थंड होती. त्यानं रेडिएटरचं टोपण फिरवून काढलं, आत बघितलं, मग बोट बुडवून वर काढलं. बोटाला हिरवं पाणी लागलं होतं. ते उजेडात धरून त्यानं विचारलं, "कितीला मिळालं?"

"दीडशे."

"लिटर?"

"व्हय."

त्यानं बोट फडक्याला पुसलं, टोपण लावलं आणि फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला.

"पट्टा सैल हाय, मामा. पाना कुठं ठेवलाय?"

मी दुधाची चरवी खाली ठेवली आणि पाना आणायला घरात गेलो.